छत्तीस मतांचा महापौर

राजधानीतील राजकीय वर्तुळाला लोकसभेच्या ५४३ जागांचा हिशेब तोंडपाठ असतो. महापालिकांच्या निवडणुका मात्र त्याच्या खिजगणतीत नसतात. २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या रिवाजाला अपवाद घडला. लोकसभा निवडणूक तोंडावर आली असताना दिल्लीचे लक्ष अडीचशे किलोमीटरवरील चंदीगडमधल्या एका सभागृहाकडे लागले होते. तेथे मतदारांची संख्या होती अवघी ३६. त्यातील आठ मते बाद ठरली आणि त्या आठ कागदांचा निवाडा करण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले.

ज्या उमेदवारासाठी हे सारे घडले, ते कुलदीपकुमार महापालिकेच्या राजकारणात नवखेच होते. डिसेंबर २०२१ मध्ये आम आदमी पक्षाच्या तिकिटावर ते नगरसेवक झाले आणि जेमतेम दोन वर्षांनी महापौरपदाचे उमेदवार ठरले. त्यांचा पक्षही या शहरात तितकाच नवखा. म्हणूनच या प्रकरणाकडे दोन पक्षांतील चढाओढ एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. प्रस्थापितांच्या आखाड्यात नवा माणूस उतरतो तेव्हा त्याला मते मिळवावी लागतातच. पण ती मते मोजली जातील याची हमी त्याला कोण देतो, हा या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

नवख्यांचा शिरकाव

चंदीगडची महापालिका तशी तरुण. शहर १९६६ पासून केंद्रशासित असले आणि पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी म्हणून मिरवत असले, तरी महापालिका स्थापन झाली १९९४ मध्ये आणि पहिली निवडणूक झाली ती १९९६ च्या अखेरीस. तेव्हापासून येथील राजकारण काँग्रेस आणि भाजप यांच्यातच फिरत राहिले. २०१६ च्या निवडणुकीत तर भाजपने २६ पैकी २० जागा जिंकून एकहाती सत्ता मिळवली होती.

पाच वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, प्रभागांची संख्या ३५ झाली आणि आम आदमी पक्ष प्रथमच रिंगणात उतरला. पहिल्याच फटक्यात १४ जागा जिंकून तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. भाजपला १२, काँग्रेसला आठ आणि अकाली दलाला एक जागा मिळाली. भाजपचे विद्यमान महापौर रविकांत शर्मा हेही पराभूत झाले. दोन-तीन महिन्यांनी पंजाबात जे घडणार होते, त्याची ही नांदी होती. मार्च २०२२ मध्ये त्या राज्यात ११७ पैकी ९२ जागा जिंकून आम आदमी पक्ष सत्तेवर आला.

जागा सर्वाधिक, पण बहुमत नाही. अशा स्थितीत नवख्यांची कसोटी लागते आणि ती तशी लागलीही. निकालानंतर काही दिवसांतच काँग्रेसच्या एक नगरसेविका भाजपमध्ये गेल्या. ८ जानेवारी २०२२ रोजी झालेल्या महापौर निवडणुकीत काँग्रेसने तटस्थ राहणे पसंत केले. खासदार किरण खेर यांचे एक मत धरून भाजपची १४ मते झाली. आम आदमी पक्षाचीही तेवढीच होती. परंतु त्यांतील एक बाद ठरले आणि भाजपच्या सरबजित कौर १४ विरुद्ध १३ अशा मतांनी महापौर झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये काँग्रेस पुन्हा तटस्थ राहिली आणि भाजपचे अनुप गुप्ता १५ विरुद्ध १४ अशा मतांनी विजयी झाले. सर्वांत मोठा पक्ष लागोपाठ दोन वर्षे एकेका मताने हरला. बाद मताची किंमत काय असते, याचा धडा आम आदमी पक्षाला पहिल्याच वर्षी मिळाला होता.

पद लहान, चुरस मोठी

महाराष्ट्रातील वाचकाला चंदीगडची पद्धत काहीशी वेगळी वाटेल. आपल्याकडे महापौराची मुदत अडीच वर्षांची. चंदीगडमध्ये ती केवळ एक वर्षाची. आपल्याकडे आरक्षणाची सोडत निघते. तेथे ते आधीच ठरलेले आहे. पाच वर्षांच्या मुदतीत पहिले व चौथे वर्ष महिलांसाठी, तर तिसरे वर्ष अनुसूचित जातींसाठी राखीव. २०२४ हे ते तिसरे वर्ष होते. आपल्याकडे नगरसेवक हात वर करून महापौर निवडतात. तेथे मतदान गुप्त होते. नगरसेवकांखेरीज शहराच्या खासदारालाही मताचा अधिकार आहे. प्रशासनाने नेमलेल्या नऊ सदस्यांनाही पूर्वी तो होता. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केला.

या एका वर्षात महापौराच्या हाती लागते तरी काय? पाणी, रस्ते, सफाई, उद्याने, वाहनतळ ही महापालिकेची कामे. पोलीस, जमीन, गृहनिर्माण, नगररचना हे सारे केंद्रशासित प्रशासनाकडे. त्या प्रशासनाचे प्रमुख म्हणजे पंजाबचे राज्यपाल; १९८४ पासून तेच चंदीगडचे प्रशासक असतात. उपायुक्त हरियाणा केडरचा आणि पोलीस अधीक्षक पंजाब केडरचा, असा दोन राज्यांमधला तोल सांभाळण्याचा तेथील प्रघात आहे. महापालिकेचा रोजचा कारभार आयुक्तांच्या हाती आणि निधीसाठी पुन्हा प्रशासनाच्या अनुदानाकडे डोळे. अशा रचनेत महापौराच्या वाट्याला सभागृहाचे अध्यक्षपद, विषयपत्रिका आणि शहराच्या प्रथम नागरिकाचा मान एवढेच उरते.

तरीही २०२४ ची निवडणूक चुरशीची झाली, याचे कारण शहराबाहेर होते. भाजपच्या विरोधात उभ्या राहिलेल्या ‘इंडिया’ आघाडीची लोकसभेपूर्वीची ती पहिली समोरासमोरची लढत होती. पंजाबात परस्परांचे हाडवैरी असलेले आम आदमी पक्ष आणि काँग्रेस चंदीगडमध्ये एकत्र आले. महापौरपद आम आदमी पक्षाला आणि दोन्ही उपमहापौरपदे काँग्रेसला, अशी वाटणी ठरली. आम आदमी पक्षाचे १३ आणि काँग्रेसचे सात मिळून कुलदीपकुमार यांची २० मते होत होती. भाजपचे १४ नगरसेवक, खासदारांचे एक आणि अकाली दलाचे एक मिळून मनोज सोनकर यांची १६. शाळकरी मुलालाही सोडवता येईल असे हे गणित होते.

पेनाची करामत

मतदान १८ जानेवारीला व्हायचे होते. त्या दिवशी नगरसेवक पोहोचले तेव्हा पीठासीन अधिकारी अनिल मसीह आजारी असल्याचे सांगण्यात आले. मसीह हे प्रशासनाने नेमलेले, मताचा अधिकार नसलेले नगरसेवक आणि भाजपच्या अल्पसंख्याक आघाडीचे पदाधिकारी. उपायुक्तांनी निवडणूक ६ फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलली. कुलदीपकुमार उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ती ३० जानेवारीला घेण्याचा आदेश दिला.

३० जानेवारीला सर्व ३६ मते पडली. मोजणीनंतर मसीह यांनी निकाल जाहीर केला तो असा : सोनकर १६, कुलदीपकुमार १२, बाद आठ. बाद ठरलेली आठही मते आघाडीची होती. सभागृहात गोंधळ माजला. आघाडीच्या बहिष्कारात उपमहापौरपदेही भाजपकडे गेली. एवढ्यावर प्रकरण थांबले असते, तर २०२२ च्या बाद मताप्रमाणे हेही विस्मरणात गेले असते. परंतु सभागृहात कॅमेरे होते. मसीह टेबलावर बसून मतपत्रिकांवर काहीतरी लिहीत आहेत आणि मध्येच मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, हे चित्रण देशाने पाहिले.

उच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी तातडीची स्थगिती नाकारली, तेव्हा कुलदीपकुमार सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ फेब्रुवारीला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ते चित्रण पाहिले आणि ही लोकशाहीची हत्या असल्याचे खुल्या न्यायालयात सुनावले. या अधिकाऱ्यावर खटला भरला पाहिजे, असेही सरन्यायाधीश म्हणाले. मतपत्रिका, चित्रण आणि सर्व कागदपत्रे उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांच्या ताब्यात देण्याचा आदेश निघाला.

याच सुमारास आणखी एक घडामोड झाली. पंजाबचे राज्यपाल आणि चंदीगडचे प्रशासक असलेले नागपूरचे बनवारीलाल पुरोहित यांनी ३ फेब्रुवारीला वैयक्तिक कारण देऊन राजीनामा पाठवला. तो प्रत्यक्षात मार्गी लागून गुलाबचंद कटारिया यांची नेमणूक होईपर्यंत जुलै उजाडला. राजीनाम्याची वेळ चर्चेचा विषय झाली, हे स्वाभाविकच होते. मात्र त्याचा संबंध महापौर निवडणुकीशी जोडणारा कोणताही आधार पुढे आलेला नाही.

फेरनिवडणूक की फेरमोजणी?

या प्रकरणातील खरी राजकीय खेळी त्यानंतरची होती. न्यायालयातील सुनावणीच्या आदल्या दिवशी, म्हणजे १८ फेब्रुवारीला, सोनकर यांनी महापौरपदाचा राजीनामा दिला. वरकरणी नैतिकतेचा वाटणारा हा निर्णय होताच आम आदमी पक्षाचे तीन नगरसेवक भाजपमध्ये दाखल झाले. ३० जानेवारीला २० विरुद्ध १६ असलेले गणित आता १७ विरुद्ध १९ झाले होते. फेरनिवडणूक झाली असती, तर कोणत्याही कागदावर पेन न चालवता भाजपचा महापौर रीतसर निवडून आला असता.

न्यायालयाने हा मार्ग धरला नाही. १९ फेब्रुवारीला मसीह यांची सरन्यायाधीशांनी स्वतः विचारपूस केली. आपण आठ मतपत्रिकांवर खुणा केल्या, हे त्यांनी मान्य केले. खराब झालेल्या मतपत्रिका ओळखू याव्यात म्हणून त्या केल्या, असा त्यांचा खुलासा होता. दुसऱ्या दिवशी मतपत्रिका न्यायालयासमोर आल्या. न्यायमूर्तींनी आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनी त्या पाहिल्या. आठपैकी एकही खराब नव्हती आणि आठही मते कुलदीपकुमार यांना दिलेली होती.

नियम अगदी साधे होते. सदस्याने एकाहून अधिक उमेदवारांना मत दिले, मत देणाऱ्याची ओळख पटेल अशी खूण केली किंवा मत नेमके कोणाला हे कळेनासे झाले, तरच मत बाद ठरते. मतदाराने केलेल्या चुकीसाठी हे नियम आहेत. मोजणाऱ्याने मागाहून केलेल्या खुणेने मत बाद होऊ शकत नाही. न्यायालयाने निकाल रद्द केला, पण मतदान रद्द केले नाही. दोष मोजणीत असेल तर दुरुस्ती मोजणीची व्हावी, संपूर्ण प्रक्रिया मोडून नव्याने डाव मांडण्याचे कारण नाही, हे त्यामागील सूत्र. घटनेच्या १४२ व्या कलमाखालील अधिकार वापरून २० फेब्रुवारीला कुलदीपकुमार महापौर म्हणून घोषित झाले. मसीह यांना न्यायालयासमोर खोटे निवेदन केल्याबद्दल कारवाई का करू नये, अशी नोटीस निघाली. एप्रिलमध्ये त्यांनी विनाशर्त माफी मागितली.

दिल्लीकरांना या घटनाक्रमात ओळखीच्या खुणा दिसल्या असतील. वर्षभरापूर्वी दिल्ली महापालिकेतही असेच घडले होते. डिसेंबर २०२२ मध्ये २५० पैकी १३४ जागा जिंकूनही आम आदमी पक्षाला महापौर बसवता येत नव्हता. तीन बैठका गोंधळात उधळल्या गेल्या. वाद होता नायब राज्यपालांनी नेमलेल्या सदस्यांच्या मताधिकाराचा. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मत देता येणार नाही असे स्पष्ट केले आणि पाच दिवसांनी प्रथमच नगरसेविका झालेल्या प्राध्यापिका शेली ओबेरॉय १५० विरुद्ध ११६ मतांनी महापौर झाल्या. त्यांच्या पराभूत प्रतिस्पर्धी रेखा गुप्ता दोनच वर्षांनी दिल्लीच्या मुख्यमंत्री झाल्या. दोन्ही शहरांत निवडून आलेल्यांचे गणित आणि नेमलेल्यांचे अधिकार यांत संघर्ष झाला आणि दोन्ही वेळी नवख्या उमेदवाराला न्यायालयाच्या पायरीवरूनच सभागृहात जावे लागले.

विजयानंतरचे अकरा महिने

न्यायालयाने खुर्ची दिली; बहुमत देणे त्याच्या हाती नव्हते. ४ मार्च २०२४ रोजी महापौर कुलदीपकुमार यांच्याच अध्यक्षतेखाली वरिष्ठ उपमहापौर व उपमहापौर यांची निवडणूक झाली. वरिष्ठ उपमहापौरपदी भाजपचे कुलजित संधू १९ विरुद्ध १६ अशा मतांनी निवडून आले आणि एक मत बाद ठरले. उपमहापौरपद भाजपच्या राजिंदर शर्मा यांनी १९ विरुद्ध १७ अशा फरकाने मिळवले. फेरनिवडणुकीत काय झाले असते, याचे उत्तर या आकड्यांत मिळते.

महापौरांनी पहिला मोठा निर्णय घेतला तो दरमहा २० हजार लिटर पाणी आणि वाहनतळ मोफत करण्याचा. सभागृहात ठराव झाला. प्रशासक पुरोहित यांनी पैसे कोठून आणणार, असा सवाल करून तो जाहीरपणे फेटाळला. हा सवाल गैरलागू होता असे म्हणता येणार नाही, कारण त्याच वर्षी महापालिकेची आर्थिक स्थिती इतकी बिकट झाली की विकासकामांना कात्री लावावी लागली. नवख्या महापौरांनी घोषणेआधी तिजोरी तपासायला हवी होती, ही टीकाही रास्तच. पुढे लोकसभेची आचारसंहिता लागली आणि तिच्यात अडीच महिने गेले. जून २०२४ मध्ये काँग्रेसचे मनीष तिवारी सुमारे अडीच हजार मतांनी चंदीगडमधून लोकसभेवर गेले, एवढाच आघाडीच्या पदरात पडलेला मोठा लाभ.

या विजयामुळे खासदाराचे मतही आघाडीकडे आले. फुटलेल्यांपैकी काही परतले. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा महापौर निवडायची वेळ आली तेव्हा कागदावर आघाडीची २० आणि भाजपची १६ मते होती. कुलदीपकुमार यांनी हात वर करून मतदान घेण्याची मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती जयश्री ठाकूर यांना निरीक्षक नेमले. ३० जानेवारी २०२५ रोजी मतदान शांततेत झाले, मोजणीवर कोणी बोट ठेवले नाही आणि भाजपच्या हरप्रीत कौर बबला १९ विरुद्ध १७ मतांनी विजयी झाल्या. आघाडीच्या तिघांनी विरोधात मत दिले होते. विशेष म्हणजे त्याच दिवशी दोन्ही उपमहापौरपदे काँग्रेसने जिंकली. वर्षभरापूर्वी आठ मते पेनाने बाद झाली होती. या वेळी तीन मते गुप्त मतदानाच्या पडद्याआडून निघून गेली.

पक्षांतरबंदीची पोकळी

त्या निकालाने न्यायालयीन उपायाची मर्यादा दाखवून दिली. न्यायालय मते नीट मोजून देऊ शकते; नगरसेवकाला निष्ठा शिकवू शकत नाही. ते काम कायद्याचे आहे आणि चंदीगडमध्ये तो कायदाच नाही. घटनेचे दहावे परिशिष्ट संसद आणि विधिमंडळांपुरते आहे. महाराष्ट्राने १९८६ मध्येच स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी स्वतंत्र अनर्हता कायदा केला. म्हणूनच आपल्याकडे निकाल लागताच गटनोंदणीची धावपळ सुरू होते. चंदीगडच्या नगरसेवकाला असे कोणतेही भय नाही. तो सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात असला, तरी त्याचे नगरसेवकपद अबाधित राहते.

अर्थात महाराष्ट्राने यावर पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. जळगावात भाजपने २०१८ मध्ये ७५ पैकी ५७ जागा जिंकल्या होत्या; मार्च २०२१ मध्ये महापौर झाल्या शिवसेनेच्या जयश्री महाजन, ४५ विरुद्ध ३० अशा मतांनी. त्याआधी महिनाभर सांगलीत भाजपचे बहुमत असताना राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी महापौर झाले. मतदान उघड होते, कायदाही होता. तरी फूट थांबली नाही, कारण अपात्रतेच्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत महापौराची मुदत संपत आलेली असते. फरक एवढाच की आपल्याकडे कोण फुटले हे मतदाराला कळते. चंदीगडमध्ये ते कळण्याची सोय नव्हती.

ती सोय पुढे झाली. प्रशासक कटारिया यांनी जून २०२५ मध्ये नियमात बदल करून महापौराची निवड हात वर करून करण्यास मान्यता दिली. कुलदीपकुमार यांची मागणी त्यांची मुदत संपल्यावर मान्य झाली. मात्र पक्षांतरबंदीची तरतूद या बदलात नाही आणि एका वर्षाची मुदतही तशीच आहे. दरवर्षी निवडणूक म्हणजे दरवर्षी फोडाफोडीची संधी; आणि महापौराला कामाची घडी बसवण्याआधीच पुढच्या जानेवारीची चिंता. या दोन गोष्टी बदलण्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल आणि चंदीगडला विधानसभा नसल्याने ती संसदेलाच करावी लागेल. चंदीगडच्या एकमेव खासदाराचा आवाज तेथे कितपत पोहोचतो, यावर ते अवलंबून आहे.

या प्रकरणाचे आणखी एक अंग सरकारी सेवेतील प्रत्येकाने ध्यानात घ्यावे असे आहे. पीठासीन अधिकारी हे पद एका दिवसाचे, एका टेबलापुरते. त्या पदावरील माणसाला ना वेतन, ना बढती. मतपत्रिका उलगडायच्या, मोजायच्या आणि आकडे वाचून दाखवायचे, इतकेच त्याचे काम. पण त्या तासाभरात शहराने दिलेला कौल त्याच्या हातात असतो. चंदीगडमध्ये ते काम नीट झाले असते, तर कुलदीपकुमार दुपारपर्यंत महापौर झाले असते आणि त्यांचे नाव चंदीगडबाहेर फारसे कोणाला कळलेही नसते. ते काम नीट झाले नाही, म्हणून एका नवख्या नगरसेवकाला तीन आठवडे देशातील सर्वोच्च न्यायपीठासमोर उभे राहावे लागले. प्रत्येक शहरातील प्रत्येक नवख्याला तेथवर जाणे परवडेल असे नाही. सभागृहात कॅमेरा असेलच असेही नाही. नियम वाचून त्याप्रमाणे वागणारा अधिकारी त्या खुर्चीवर असावा, एवढीच खात्री अशा उमेदवारांना देता येते. आणि ती देण्याची जबाबदारी न्यायालयाच्या आधी प्रशासनाची आहे.